दाराखालचा सात नंबर

मी मेंदू बोलतोय. दचकू नका, कोणाच्या कवटीतला नाही. मी प्लास्टिकचा आहे, विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी केलेला. किळस आली की माणसं नाक मुरडतात. मला नाक नाही, म्हणून तोंड उघडायची पाळी आलीय.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यांमधून आठ तुकड्यांत झाला. डाव्या अर्ध्याचे तीन तुकडे, उजव्या अर्ध्याचे तीन, मागे खाली बसणारा लहान मेंदू आठवा. आणि सातवा म्हणजे दोन्ही अर्ध्यांच्या मधे बसणारा पांढरा, कमानीसारखा पट्टा. त्याला दोन्ही बाजूंनी खुंट्या होत्या, त्या माझ्या दोन्ही अर्ध्यांतल्या भोकांत घट्ट बसत. एका कामगार बाईंनी बारीक कुंचल्याने प्रत्येक तुकड्यावर नंबर घातला आणि बैठकीवर आठही नावांची यादी चिकटवली. सातचा आकडा काढताना त्यांना शिंक आली, त्यामुळे त्याची शेपटी जरा लांब गेली. तशीच राहिली.

माझी पहिली बारा वर्षं एका वैद्यकीय महाविद्यालयात गेली. तिथल्या बाई मला हातात घेण्याआधी हात पुसायच्या. मुलांना सांगायच्या, "डावा अर्धा उजवा हात चालवतो आणि उजवा अर्धा डावा. बोलण्याचं काम बहुतेकांच्या डाव्या बाजूला जास्त चालतं, हेही खरं. पण नुसता पत्ता सांगायचा म्हटलं तरी रस्ता डोळ्यांसमोर यावा लागतो आणि शब्दही सुचावे लागतात. दोन्हीकडे काम चालतं आणि या पट्ट्यातून सारखी ये-जा असते." मग सातवा तुकडा अलगद हलवून काढायच्या, दाखवायच्या आणि परत बसवायच्या. ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे तिथे मोठे पडदे आले, त्यांवर फिरणारे मेंदू आले आणि मी अडगळीत गेलो. भंगाराच्या ढिगातून मला उचललं ते सरांनी. सर म्हणजे शाळेतले नव्हेत. एका सभागृहात दर रविवारी 'मनाचे नकाशे' शिकवणारे, पांढरा कोट घालणारे सर.

माझे दोन अर्धे 'टक्' करून वेगळे झाले पाहिजेत, असा त्यांचा हट्ट. सातवा तुकडा आडवा येत होता. त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर घालून तो उपटला. मग ऑइल पेंटचे दोन डबे आणून माझी डावी बाजू निळी केली आणि उजवी नारंगी. तो रंग आठ दिवस माझ्या अंगाला चिकचिकत होता. सभागृहाचं दार आपोआप बंद व्हायचं, म्हणून सातवा तुकडा त्यांनी दाराखाली पाचरीसारखा ठोकला. येणारा-जाणारा त्याला लाथ मारून जाई. आणि त्याच्या खुंटीसाठी माझ्यात जे भोक होतं, त्यात सर चहानंतर आपली दातकोरणी खोचून ठेवायचे. वापरलेली! बारा वर्षं ज्याला लोक हात पुसून धरत, त्याच्या नशिबी हे आलं.

मनाचा नकाशा ही गोष्ट वाईट नाही, हे मला कबूल करायला हवं. कागदाच्या मधोमध विषय लिहायचा, त्याला फांद्या फोडायच्या, एकेका फांदीवर एकेक शब्द, जमलं तर रंग, चित्र. मुलं खूश व्हायची, त्यांना धडा चटकन आठवायचा. तेवढ्यावर थांबले असते तर मी दातकोरणीसुद्धा सोसली असती. पण सर थांबणारे नव्हेत.

"आता सगळ्यांनी बोटांत बोटं गुंफा!" ते ओरडायचे. "कुठला अंगठा वर आला? उजवा? निळा बिल्ला! डावा? नारंगी बिल्ला! निळे ते हिशोबी, नारंगी ते कलाकार. निळ्यांनी फांद्या सरळ काढायच्या, नारंगींनी वाकड्या." मग माझं 'टक्' व्हायचं. "बघा! दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही!"

आईबाप टाळ्या वाजवायचे. दुकानात चपलांची जोडी निवडताना दहादा घालून बघणारी ही माणसं, पोराचं डोकं कसलं आहे ते अंगठ्यावरून ठरवून घेऊन जात. मला शिसारी यायची.

एका रविवारी एक कुलूपवाला आपल्या मुलीला घेऊन आला. चौदा-पंधरा वर्षांची, वेणीत पेन्सिल खोचलेली. बाप तिला ठमी म्हणे. हाताला तेलाचे डाग असलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांची अडचण साधी होती. शाळेत पुढच्या वर्षी मोठं गणित ठेवायचं की सोडायचं ते ठरवायचं होतं; सोडायचं असेल तरच सोमवारी सही करून फॉर्म द्यायचा होता. गणिताला मुलीची कधी दांडी गुल व्हायची, कधी ती सगळ्यांच्या पुढे असायची. तिला मात्र एकच ध्यास होता.

"मला कुलूप बनवायचंय सर," ती म्हणाली. "असं की बाबांनासुद्धा उघडता येणार नाही. त्याला मोठं गणित लागतं."

सर हसले. "बोटं गुंफ बरं."

डावा अंगठा वर आला. तिने शेजारी ठेवलेल्या वहीत गणितं होती, पण प्रत्येक गणिताशेजारी चित्र, फांद्या, बाण. सरांनी ती वही उघडून बापासमोर नाचवली. "हे बघा! गणिताच्या वहीत चित्रं! पक्की नारंगी. हिला गणिताच्या वाटेला पाठवू नका, पोरगी कोमेजून जाईल. फॉर्मवर सोडतो असं लिहा, सही करा. हवं तर मी सल्लापत्र देतो."

कुलूपवाल्याने खिशातून फॉर्म काढला. "सर शिकलेले आहेत ठमे," तो हळूच म्हणाला. "आपल्याला यातलं काय कळतं?"

पोरीचे डोळे भरून आले. रडू आवरायला ती मान खाली घालून माझ्या बैठकीकडे बघत राहिली. बघता बघता तिचे ओठ हलायला लागले. ती यादी वाचत होती. मग तिने माझ्याभोवती एक चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं, दातकोरणी दोन बोटांनी उपटून फेकली आणि त्या भोकात करंगळी घातली.

"सर, यात सात नंबर कुठे आहे?"

"भलतीकडेच डोकं चालतं तुझं. हेच ते नारंगीचं लक्षण."

"यादीत आठ आहेत. इथे सातच आहेत. आणि दोन्हीकडे भोकं समोरासमोर आहेत, म्हणजे मधे काहीतरी बसत असणार. कमानीसारखं, एवढं." तिने हवेत बोटाने आकार काढला. आणि काढता काढताच तिची नजर दाराकडे गेली.

ती धावत गेली. दाराखालून पाचर ओढून काढली, दार धाडकन बंद झालं. ओढणीच्या टोकाने तिने लाथांचा मळ पुसला. लांब शेपटीचा सात दिसला तेव्हा, खरं सांगतो, मला रडू फुटलं असतं.

"ठेव ते! मॉडेल बिघडेल!" सर ओरडले. तोवर तिने सातवा तुकडा अलगद हलवत माझ्यात बसवला होता. बाई बसवायच्या तसा. तिला कोणी शिकवलं नव्हतं. एका डोळ्याने ती मोजत होती, दुसऱ्याने आकार बघत होती म्हणा ना.

सरांनी मला हिसकावून 'टक्' करायला ओढलं. मी सुटलो नाही. त्यांनी दात-ओठ खाऊन ओढलं, तरी नाही. मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसलं.

कुलूपवाला पुढे आला. त्याने मला हातात घेतलं, फिरवलं, जोडावरून नख फिरवलं. यादीवरचं सातवं नाव वाचलं: 'दोन्ही अर्ध्यांना जोडणारा पट्टा'.

"सर, हा जोडणारा भाग तुम्ही दाराला लावला होता?"

"तो महत्त्वाचा नाही हो! दाखवताना अडतो."

"कुलपातला एखादा भाग मला अडतो म्हणून मी काढून टाकला, तर गिऱ्हाईक मला जोड्याने मारेल." मग त्याने मला खाली ठेवलं आणि स्वतःच्या बोटांत बोटं गुंफली. सगळे बघत होते. त्याचा डावा अंगठा वर आला. त्याने तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "मी पण नारंगी," तो म्हणाला. "मग वीस वर्षं केसाइतक्या मापाने किल्ल्या कोण घासतंय?"

सरांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. "घेऊन जा तो मेंदू!" ते खेकसले. "आता काही कामाचा नाही तो."

आता मी कुलपांच्या दुकानात, किल्ल्यांच्या फळीखाली असतो. सोमवार आला आणि गेला. शाळेचा फॉर्म इथेच आहे, माझ्या बैठकीखाली दाबलेला. सहीची जागा कोरी, म्हणजे गणित सुटलं नाही. पाठीमागच्या बाजूला ठमीने आपल्या कुलपाचा नकाशा काढलाय: मधे कुलूप, चहूकडे फांद्या, काही सरळ, काही वाकड्या, प्रत्येकीवर माप. बाप रोज त्यात चुका काढतो. "हे मी दोन मिनिटांत उघडीन," म्हणतो. ती खोडते, पुन्हा काढते. अजून तरी तो उघडतोच.

माझ्यावरचा रंग निघालेला नाही. आणि तोंडातली कडवट चवही गेलेली नाही, कारण काल दुकानात एक मुलगा किल्ली करून घ्यायला आला, त्याच्या छातीवर निळा बिल्ला होता. ठमीच्या रंगीत पेन्सिली तो हात न लावता बघत उभा राहिला. तिने विचारलं, "काढतोस का चित्र?"

"काढायचो," तो म्हणाला. "आता बंद केलंय. मी निळा निघालो."

सरांनी नवा मेंदू आणलाय म्हणे. 'टक्' छान वाजतं.

ठमीने त्याच्या हातात पेन्सिल कोंबली, ते मी पाहिलं. पण ती एकटी कोणाकोणाला पुरणार? म्हणून तुम्हाला सांगतो. उद्या कोणी तुमच्या पोराच्या डोक्याला रंग लावायला आलं, तर टाळ्या नंतर वाजवा. आधी उठा आणि त्याच्या दाराखाली काय ठोकलंय ते वाकून बघा.