शेवटच्या ओळीनंतरची भिंगरी

मी एक जुनी प्रत आहे. मित्रांनो, पुस्तक आणि प्रत यांतला फरक आधी समजून घ्या, म्हणजे माझी गोष्ट सोपी जाईल. एका कादंबरीच्या कितीही प्रती छापल्या तरी कादंबरी एकच असते. प्रत मात्र प्रत्येक निराळी. एखादी कुणाच्या उशाशी जाते, एखादी दुकानाच्या फळीवर पिवळी पडते. मी लेखिकेच्या हातात राहिले. लोकांसमोर ती जे वाची, ते माझ्यातून. अशा प्रतीला वाचनप्रत म्हणतात.

माझा जन्म एका अरुंद छापखान्यात झाला. मोठमोठे कागद छापले गेले, त्यांच्या घड्या घालून सोळा सोळा पानांचे गठ्ठे झाले. अशा गठ्ठ्याला फर्मा म्हणतात. बांधणी करणाऱ्या माणसाने फर्मे एकावर एक ठेवून दोऱ्याने शिवले, पाठीला सरस लावला आणि तिन्ही कडा कापल्या. नव्या पुस्तकाची पाठ ताठ असते. म्हणून पहिल्यांदा त्याला मधोमध उघडून उलटे वाकवू नये. आधी थोडी पुढची पाने उघडावीत, मग थोडी मागची, असे करत मध्यावर यावे. लेखिकेने मला तसेच उघडले. तिची ही पहिलीच कादंबरी होती.

माझ्या पानांत दोन बहिणींची गोष्ट आहे. धाकटीला घरात भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे. शेवटच्या पानावर भिंगरी नदीत उतरते, मागे वळून थोरलीला हात करते आणि पलीकडच्या काठाकडे पोहू लागते. तिथे मी संपते. पुढे कोरा कागद आहे.

भिंगरी लेखिकेची खरीखुरी बहीण होती. ती पलीकडच्या काठाला पोचलीच नाही. हे एक वाक्य लेखिकेने पुष्कळदा लिहिले आणि तितक्यांदा खोडले. शेवटी तिने बहिणीला पाण्यातच ठेवून कादंबरी पुरी केली. मला हे कसे ठाऊक, असे तुम्ही विचाराल. पुस्तकाला आपली गाळलेली वाक्येही ठाऊक असतात.

लेखिकेची आई शिवणकाम करून एकटी राहत असे. भिंगरी गेल्यावर तिने नदीकाठचे घर सोडले आणि जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही अशा गावी बिऱ्हाड केले. लेखिका मला दाखवायला घेऊन गेली, तेव्हा आईने मशीनवरून मानही वर केली नाही.

"लिहिलंस, बरं केलंस. पण ते घरात ठेवू नकोस. मला नाही वाचवणार," ती म्हणाली.

लेखिकेने मला पुन्हा पिशवीत ठेवले. आईने एकदा तरी हे ऐकावे, यासाठीच तर तिने सगळे लिहिले होते.

मग आमची गावोगावची फिरती सुरू झाली. प्रकाशक मोठा उत्साही गृहस्थ. त्याने तिला सगळे शिकवले. वाचताना श्वास घ्यायचा तिथे पेन्सिलीने एक रेघ मारायची, पाणी प्यायचे तिथे दोन. लोक प्रश्न विचारतील. लांबण लावायची नाही, वाद घालायचा नाही, आणि रडायचे तर मुळीच नाही. लोक हसत घरी गेले तरच पुस्तक घेऊन जातात, असे त्याचे म्हणणे होते.

पहिला कार्यक्रम एका पुस्तकांच्या दुकानात मागच्या खोलीत झाला. खुर्च्या भरपूर होत्या, माणसे बेताची. त्यांतला एक गृहस्थ खास पंख्याखाली बसायलाच आला होता आणि वाचन संपेपर्यंत मान वर करून पंख्याकडेच पाहत होता. वाचन झाले. ही आपल्याच बहिणीची गोष्ट, एवढे लेखिकेने सुरुवातीला सांगितले होते. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त शिक्षिकेने मायेने विचारले, "मग ही भिंगरी आता कशी आहे हो?"

लेखिकेचा अंगठा माझ्या पानावर रुतला. लांबण लावायची नव्हती, रडायचे नव्हते.

"बरी आहे," ती म्हणाली.

शिक्षिकाबाईंना बरे वाटले. त्यांनी दोन प्रती घेतल्या. मित्रांनो, हे दोन शब्द किती लहान आहेत पाहा. पण त्या दिवसापासून मला काहीतरी होऊ लागले. पिशवीत मिटून पडले असताना माझ्या शेवटच्या फर्म्यात कुणीतरी पाणी कापत असल्याचा भास होई. एक हात, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

पुढच्या गावी वाचनालयात कुणी विचारले, बहिणीने पुस्तक वाचले का. वाचले आणि खूप हसली, असे लेखिकेने सांगितले. आधी बरी असलेली बहीण आता नाही कशी म्हणायची? त्याच्या पुढच्या गावी भिंगरीचे लग्न झालेले होते. मग एका शाळेत मुलींनी विचारले की ती काय करते, आणि लेखिकेच्या तोंडून निघून गेले, "लहान मुलांना पोहायला शिकवते."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. लेखिका स्वच्छतागृहात जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिली. मी तिच्या काखेत होते. समोरच्या आरशात तिने पाहिले, आणि आपल्या मागे कुणी उभे आहे का हे बघायला वळली. मागे कुणी नव्हते.

माझ्या पानांत भिंगरी लहानच होती. बाहेर मात्र ती वाढत होती. तिला आता नोकरी होती, नवरा होता, तिच्या आवडीनिवडी होत्या. अनोळखी माणसे तिच्यासाठी रुमाल आणि पेने भेट देत. घरातल्या घरात वापरले जाणारे तिचे नाव शंभर तोंडांत झाले होते. लेखिकेने मोबाइल उचलून आईला सारे सांगायचे अनेकदा ठरवले. जेवलीस का, एवढे विचारून ती ठेवून देई. आईला हे कळले तर, या धास्तीने तिची झोप उडाली होती. आपण मेलेल्या बहिणीच्या नावावर पुस्तक विकतो आहोत, असेच आईला वाटेल, असे ती एकदा मलाच म्हणाली. ऐकायला दुसरे कुणी नव्हते.

प्रकाशक मात्र खूश होता. भिंगरीबाईंना एकदा आणाच, असा त्याने धोशा लावला. तिला सुट्टी नाही, असे लेखिका सांगत राहिली. त्याच्या धंद्यात एक पद्धत होती: पाहुणा आढेवेढे घेत असला की त्याचे नाव सरळ पत्रकावर छापून टाकायचे. छापलेले पाहून भिडेखातर माणूस येतोच, असा त्याचा आजवरचा अनुभव. आणि पुढचा कार्यक्रम होता लेखिकेच्या आईच्या गावी.

तिथल्या सभागृहाच्या दाराशी लेखिकेने ते पत्रक पाहिले. 'लेखिका आणि त्यांची भगिनी भिंगरी: भेट व गप्पा'. व्यासपीठावर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आणि पहिल्या रांगेत, हातात पिशवी धरून, इस्त्रीची साडी नेसून आई बसली होती. शेजारणीने तिला सांगितले होते, "अहो, तुमच्या दोन्ही मुली येणार आहेत म्हणे. तुम्ही तर कधी बोलला नाहीत दुसरीबद्दल."

लेखिका व्यासपीठावर कशी चढली, ते तिलाही सांगता येणार नाही. तिने नेहमीचे पान उघडले. श्वासाच्या रेघा आल्या आणि गेल्या. तिने एकदाही श्वास नीट घेतला नाही. वाचन संपल्यावर एका तरुणाने विचारले की भिंगरीताई आल्या नाहीत का. प्रकाशकाने पुढे होऊन सांगितले की वाटेत असतील, एवढ्यात पोचतील.

तेव्हा आई उठली. लोकांना वाटले, कुणी वाचक आहे.

"मलाही विचारायचंय," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा होता, गिऱ्हाइकाला माप विचारावे तसा. "बाहेर लोक बोलत होते, ती पोहायला शिकवते म्हणून. मग घरी का येत नाही ती?"

प्रकाशक हसला. मागचे काही जणही हसले. मग लेखिकेच्या तोंडाकडे पाहून एकेकाचे हसू विरत गेले.

लेखिकेने मला मिटले आणि टेबलावर ठेवले.

"आई, ती बुडाली," ती म्हणाली. "पलीकडे पोचली नाही. मी सगळ्यांना खोटं सांगत आले. मला म्हणताच येईना."

 माझ्या आत इतके दिवस चाललेला हातांचा आवाज थांबला.

आईने हातातली पिशवी खाली ठेवली. "मलाही कधी म्हणता आलं नाही," ती म्हणाली. "गाव बदललं, पण म्हणता आलं नाही." मग तिने दुसऱ्या खुर्चीकडे बोट केले. "ती उचला तेवढी." प्रकाशकाने स्वतःच ती उचलून नेली. जाताना त्याने कुणाकडेही पाहिले नाही.

"आता वाच," आई खाली बसत म्हणाली. "नदीचं नको. घरातलं वाच."

लेखिकेने माझे पहिले प्रकरण उघडले. तिथे एकही खूण नव्हती, म्हणून ती अडखळत वाचू लागली. भिंगरी वेणी घालून घेताना शांत बसते, हे वाक्य आले तेव्हा आईने हात वर केला.

"हे चूक आहे. शांत? माझ्या हातातला कंगवा दोनदा मोडलाय तिनं."

लोक हसले. लेखिकाही हसली, आणि मग प्रकाशकाची शिकवण न पाळता सर्वांसमोर रडली. त्या दिवशी किती प्रती खपल्या, याची चौकशी कुणी केली नाही.

आता मी आईकडे असते, शिवणयंत्राच्या खणात. माझ्या कडा मळल्या आहेत, पाठीचा दोरा सैल झाला आहे. काम संपले की आई मला उघडते आणि थोडे थोडे वाचते. पेन्सिलीने चुकाही दुरुस्त करते. शेवटचे पान मात्र तिने अजून उघडलेले नाही. त्याच्या आधीच ती थांबते आणि पुन्हा पहिल्या पानावर जाते. लेखिका तिला आग्रह करत नाही. मीही माझी पाने त्या बाजूला आपोआप उलटू देत नाही.

मित्रांनो, पुस्तक ओल्या हाताने धरू नका. त्याचा कोपरा दुमडू नका. आणि घरातल्या कुणा मोठ्या माणसाला गेलेल्या माणसाबद्दल विचारावेसे वाटले, तर जरूर विचारा. पण "बरं आहे" एवढ्यावर लगेच उठून जाऊ नका. थोडे जवळ बसा. खरे उत्तर यायला वेळ लागतो.