वेगळा अर्ज

दुपारी नात लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आली आणि पलंगावर मांडी ठोकून बसली.

"आबा, सामाईक अर्ज भरला की एका फटक्यात अकरा कॉलेजं. पण मला हवं ते बारावं. त्यांचा अर्ज वेगळा, वर दोन पानी निबंध. आज शेवटचा दिवस. काय करू?"

मी बत्तीस वर्षं वाचनालयात पुस्तकं दिली-घेतली. असल्या प्रश्नांना उत्तर द्यायची माझी छाती होत नाही. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून तो आवाज आला. कागदावर शाईचं पेन चालल्याचा. करकर, थोडं थांबणं, पुन्हा करकर. ती खोली माझ्या मुलीची, म्हणजे नातीच्या आत्याची. तिला जाऊन एकवीस वर्षं झाली. या आवाजाबद्दल मी कुणाला सांगत नाही. म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणतील, आणि ते चुकत असतील अशी मलाही खात्री नाही.

"सामाईक पुरे," मी म्हणालो. "उगाच दुप्पट खटाटोप."

हेच मी तिच्या आत्यालाही सांगितलं होतं. तिने ऐकलं नाही. दोन्ही अर्ज भरले आणि वेगळा माझ्या हातात दिला. "बाबा, जाता जाता टपालात टाका. वाचत बसू नका हं!"

मी वाचला. निबंधाचा शेवट मला कच्चा वाटला. जरा सुधारून देऊ म्हणून एका जाड शब्दकोशात ठेवला, आणि एकेक शब्द तोलता तोलता तारीख उलटून गेली. महिनाभर ती फाटकाशी पोस्टमनची वाट बघायची. मग म्हणाली, "नसेल आवडला त्यांना. जाऊ दे." सामाईक अर्जातून जे कॉलेज मिळालं तिथे गेली. पहिल्याच वर्षी तिथे तापाने गेली. मी तोंड उघडलं नव्हतं.

"आबा! कुठे हरवलात?" नात हसली. "निबंध लिहून तयार आहे हो. आई म्हणते, आबांना दाखव, पुस्तकातले किडे आहेत ते. नुसता शेवट बघता?"

तिने लॅपटॉप पुढे सरकवला. पलीकडचं पेन थांबलं. कुणी श्वास रोखून धरावा तसं.

मी चष्मा काढून खिशात घातला.

"मी बघणार नाही. पाठव. आत्ता, माझ्यासमोर."

"आणि चुका असल्या तर?"

"असू देत. तुझ्या आहेत."

तिने बटण दाबलं. "गेला!"

मग मी उठलो, कपाटातला कोश काढला आणि त्यातले पिवळे पडलेले कागद तिच्या हातात दिले. तिने ते सावकाश वाचले. मी समोर उभाच राहिलो.

"आबा, आत्याने शेवट किती सुंदर केलाय," ती म्हणाली. मग कागद उलटेपालटे करत तिने विचारलं, "पण हा अर्ज इथे कसा?"

पलीकडची खोली गप्प होती. उत्तर मलाच द्यायचं होतं.