एका अँपिअरची थंडी

उम्म फालेहच्या गच्चीवर त्या संध्याकाळी इराकमधल्या बसऱ्यातली अर्धी गल्ली लोटली होती, आणि ती कशासाठी, तर एसीच्या बाहेरच्या डब्यासमोर हात धरायला. जुलैतला दिवस मावळला तरी भिंती तापलेल्याच होत्या. बाया एकेक करून पुढे यायच्या, जाळीपाशी तळहात धरायच्या आणि तोंडाचा आ करून मागे सरायच्या. कालपर्यंत भट्टीसारखी गरम हवा ओकणारा हा डबा आज गप्प होता. ना घरघर, ना झळ.

शेख दाखिल कठड्याला टेकून उभा होता. पांढरीशुभ्र दाढी, बोटात चार अंगठ्या आणि आवाज असा की आधीच भारावलेल्या माणसाने पुरता वितळावं.

"जिन्न कशाचा केलाय?" त्याने विचारलं.

"आगीचा," बायांनी एका सुरात सांगितलं.

"आणि या डब्यातून रात्रंदिवस काय निघत होतं? आग. अहो, तुमच्या डोळ्यांदेखत तो श्वास टाकत होता आणि तुम्ही मेकॅनिकला पैसे मोजत होता. आता मी त्याला बांधलाय. बांधलेला जिन्न श्वास टाकत नाही. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्टच म्हणायची. डब्यात जिन्न होता, याबद्दल बायांत कुणाचं दुमत नव्हतं. तो बांधायला दहा मिनिटं एकांत लागतो, म्हणून शेखने मघाशी सगळ्यांना जिन्यात थांबवलं होतं, त्याचंही कुणाला काही वाटलं नाही.

मग सगळे खालच्या मजल्यावर, भाडेकरूच्या खोलीत उतरले. एसीच्या तोंडाशी शेखने एक पितळी डबी टांगली होती. तिच्या झाकणावर आकड्यांचे चौकोन कोरलेले आणि मधेमधे बारीक भोकं. तिच्यावरून येणारा वारा तोंडावर आला की नाकापर्यंत गारेगार. गल्लीचा जनरेटर चालवणाऱ्या अबू राअदने आपला चिमट्याचा मीटर वायरीला लावला. आता बसऱ्यात विजेचा हिशेब अँपिअरात. सरकारची वीज येते-जाते, म्हणून गल्लीच्या जनरेटरकडून महिन्याला अँपिअर विकत घ्यायचे. दोनात दिवे आणि पंखे निघतात, एसी पाहिजे तर सहा-सात तरी हवेत. अबू राअदने मीटर पाहिला, डोळे चोळले आणि पुन्हा पाहिला. काटा एकाच्याही खाली होता.

झालं. जिन्नावर ज्यांचा विश्वास नव्हता, त्यांचाही अँपिअरवर होताच. एका अँपिअरात थंडी देणारा माणूस या शहरात संत नाही तर काय? शेजारच्या वफियाने तिथेच शेखच्या बाहीचं टोक धरून पुढच्या आठवड्यात आपल्या घरी यायचं वचन घेतलं.

उम्म फालेह मागे दारात उभी होती. घर तिचं, एसी तिचा आणि लाजही तिचीच, पण ती नंतरची गोष्ट.

नवऱ्यामागे तिचा संसार या मधल्या मजल्याच्या भाड्यावर चालायचा. ती तळमजल्यावर राहायची. मधल्या मजल्यावर हाजी जासिब, जन्मभर खजुराच्या वखारीत मुकादमी केलेला म्हातारा, आणि त्याची मुलगी नवाल, मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. भाडं ठरवताना उम्म फालेहने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं की एसी माझा, बिघडला तर मी बघेन. तेव्हा तो नवा होता, म्हणून तोंड मोकळं होतं.

या उन्हाळ्यात तो नुसता घरघरत चालायचा, थंडी जेमतेम द्यायचा. मेकॅनिकने कॉम्प्रेसर वाजवून पाहिला आणि म्हणाला की यात पैसे घालू नका, नवाच बसवा. नव्याची किंमत ऐकून तिने ओढणीनं तोंड झाकलं. तशी ती हल्ली नेहमीच झाकायची, कारण पुढचे दात गेले होते आणि कवळीसाठी ती दोन वर्षं दिनार-दिनार साठवत होती. एसी घ्यायचा म्हणजे कवळी गेली. त्याच आठवड्यात वफियाने शेख दाखिलचं नाव काढलं. नव्या एसीच्या दहाव्या हिश्श्यात काम होतं, फक्त डबी दर महिन्याला 'जागवून' घ्यावी लागते. उम्म फालेहला ते नाव देवानेच पाठवल्यासारखं वाटलं. स्वस्त गोष्ट देवाकडून आली असं वाटायला माणसाला फार पुरावा लागत नाही.

नवाल तेव्हा अमारा शहरात गेली होती, परीक्षेचे पेपर तपासायला. वडिलांना उम्म फालेहच्या भरवशावर ठेवून. शेख येऊन गेला त्याच रात्री तिचा फोन आला. बाबा कसे आहेत, जेवले का, असं विचारून झाल्यावर तिने विचारलं, "खाला, एसी बदललात ना?"

"हो पोरी, झालं काम. तुझे बाबा थंडीत झोपलेत," उम्म फालेह म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती वर जाऊन आली. खिडक्या शेखच्या सांगण्यावरून घट्ट लावलेल्या, जाड पडदे ओढलेले, म्हणजे जिन्न परत शिरायला नको. हाजी पलंगावर पडला होता. तिने विचारलं, तर म्हणाला की तोंडाला कसं गार लागतंय. तिच्याही तोंडाला गार लागत होतं. पण तिच्या पाठीवरून घामाची धार वाहत होती, अंगातला झगा चिकटला होता. तोंड गार आणि पाठ ओली, हे काहीतरी चुकतंय, हे तिला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. मग तिने ओढणीने मान पुसली, दार ओढून घेतलं आणि खाली आली.

तीन दिवस हे असंच चाललं. हाजी जेवण कमी करू लागला, तर ती मनाशी म्हणाली की म्हातारपण आहे. तो तिला मधेच आपल्या मेलेल्या बायकोच्या नावाने हाक मारू लागला, तर म्हणाली की आठवण येत असेल. चौथ्या दिवशी नवाल परत आली आणि थेट वर गेली. तिची किंकाळी उम्म फालेहने खाली ऐकली. वर जाऊन पाहते तर हाजीचं अंग तव्यासारखं तापलेलं, कातडी कोरडी ठणठणीत, डोळे उघडे पण ओळख नाही. त्याच्या तोंडावर मात्र तो वारा अजून गारवा टाकत होता.

हाजी वाचला. दवाखान्यात बर्फाच्या पिशव्यांनी त्याचा ताप उतरवला, पण डॉक्टरीणबाईने स्पष्ट सांगितलं की उष्माघात मेंदूला लागलाय. जीभ अडखळणार, चालताना तोल जाणार, आणि पुन्हा पहिल्यासारखं होईल याची खात्री नाही. तो शुद्धीवर आल्यावर उम्म फालेह पलंगाशी गेली. हाजीने तिचा हात धरला आणि एकेक शब्द ओढत म्हणाला, "तुझ्या... हवेने... फार सुख दिलं. देव तुझं भलं करो." तिला वाटलं, याने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती हात सोडवून बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली.

नवाल रडली नाही. ती घरी आली, डबीला नाक लावलं, मग गच्चीवर जाऊन बाहेरच्या डब्याचं झाकण काढलं. उतरताना तिने शाळेतला थर्मामीटर आणि एक छोटी बाटली पिशवीत टाकली. उम्म फालेहला एवढंच म्हणाली, चला.

वफियाच्या घरात तोच खेळ पुन्हा रंगात आला होता. शेख नुकताच गच्चीवरून 'बांधून' आला होता, डबी टांगली होती, बाया वाऱ्याखाली तोंड धरून सुखावत होत्या. नवाल मधोमध उभी राहिली आणि तिने थर्मामीटर भिंतीला लावला. बेचाळीस.

शेख समजुतीने हसला. "बाई, तुमच्या काचेच्या नळीला जिन्न दिसत नाही."

"बरोबर आहे. तिला फक्त उष्णता दिसते," नवाल म्हणाली. "दारंखिडक्या लावून घ्या. तुम्ही आणि मी संध्याकाळपर्यंत इथेच बसू. ज्याला घाम येईल तो खोटा."

शेखला एकाएकी दुसऱ्या गल्लीतलं एक अडलेलं घर आठवलं. त्या घरची माणसं किती आतुर झाली असतील, याची त्याला इतकी काळजी लागली की त्याने चपला पायात घालायचंही भान ठेवलं नाही, हातात घेऊनच जिना उतरला.

मग नवालने बाटली उघडून सगळ्यांच्या मनगटावर दोन-दोन थेंब घातले आणि हात हलवायला सांगितला. बर्फ लावल्यासारखं झालं. थर्मामीटर तिथेच होता, बेचाळीसवर. तिने सांगितलं की हा पुदिन्याचा अर्क आहे, डोकेदुखीच्या मलमात असतो तो. कातडीतल्या नसांना तो खोटंच सांगतो की थंडी आहे, खोलीतली उष्णता कणभरही कमी करत नाही. तिने पितळी डबी फोडली. आत त्याच अर्कात भिजवलेला लोकरीचा तुकडा होता. महिन्याने वास उडतो, म्हणून ती 'जागवायची'. मग अबू राअदला घेऊन ती वफियाच्या गच्चीवर गेली. बाहेरच्या डब्याची वायर कापून वर काळी पट्टी गुंडाळलेली होती. कॉम्प्रेसरच बंद, नुसता आतला पंखा फिरतोय, मग वीज खाणार किती? एक अँपिअरही नाही.

"एसी थंडी बनवत नाही," नवाल खाली येऊन म्हणाली. "तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. बाहेर गरम हवा येत नसेल, तर ती उष्णता तुमच्याच खोलीत आहे. माझ्या बाबांच्या खोलीत होती."

वफियाने उम्म फालेहच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली की त्या मेल्याने गरीब विधवेला फसवलं.

उम्म फालेहने तो हात बाजूला केला. "मला नाही फसवलं. तुम्हाला फसवलं असेल. माझ्या पाठीला घाम येत होता, मला तेव्हाच कळलं होतं. पण खरं धरलं असतं तर एसी घ्यावा लागला असता. म्हणून मी खोटं खरं धरलं." ती बायांकडे वळली. "पुढच्या वेळी कुणी चमत्कार घेऊन आला, तर आधी मोजून बघा. डबा उघडून बघा. शिकलेल्या माणसाला विचारा. आणि हे खरं मानलं तर आपले पैसे वाचतात का, तेही स्वतःला विचारा. वाचत असतील तर दोनदा मोजा. मी एकदाही मोजलं नाही, आणि माझ्या चुकीचा उन्हाळा दुसऱ्याच्या बापाला लागला."

नवा एसी दुसऱ्या दिवशी बसला. कवळीचे सगळे पैसे त्यात गेले. मेकॅनिक गेल्यावर नवाल वडिलांचे कपडे घ्यायला आली. पिशवी भरून ती जिन्यात थांबली.

"खाला, तो शेख लबाड होता, ते मला समजतं. पण मी फोनवर विचारलं तेव्हा तुम्ही हो का म्हणालात?"

उम्म फालेहने कठडा धरला. "हो म्हणायला पैसे लागत नव्हते, पोरी."

नवालने मान हलवली, पिशवी उचलली आणि दवाखान्याकडे निघाली. तिने खालाला बरोबर ये म्हटलं नाही.