चालायला तीन मिनिटं

लुंबिनीने नऊ चाळीसच्या बसपुढे लाल खूण केली. मेट्रो स्टेशनबाहेरून दर वीस मिनिटांनी बस सोडायचं वेळापत्रक तिनेच बसवलं होतं. बाकी सगळ्या वेळेवर, ही एकटी रोज दोन मिनिटं उशिरा, आणि तिच्यामुळे पुढच्या फेऱ्यांचं गणित विस्कटायचं. शुक्रवारच्या अहवालात ड्रायव्हरचं नाव गेलं की नोटीस ठरलेली.

"श्याम नावाचा आहे. महिनाभर रोज लेट," शेजारचा गौरव म्हणाला. "लिहून टाक ना यार."

"आधी बघून येते."

दुसऱ्या दिवशी ती थांब्यामागच्या चहाच्या टपरीपाशी उभी राहिली. नऊ चाळीस झाले. श्याम इंजिन चालू ठेवून पादचारी पुलाकडे बघत बसला होता.

"चलो भाई!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बस, अम्मा आ गईं," श्याम म्हणाला.

पुलाच्या पायऱ्यांवरून, कठडा धरून, एकेक पाऊल जपून टाकत एक बाई उतरत होती. लुंबिनीची आई, लीलाबाई.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला व्यायामासाठी रोज मेट्रोने आणि पुढे बसने दवाखान्यात जावं लागे. "तू रजा नको काढू, मला बस बरोबर मिळते," असं ती म्हणाली होती. आपलं वेळापत्रक किती छान, या खुशीत लेकीनेही ते मानलं होतं.

"आराम से, अम्मा." श्यामने खाली उतरून हात दिला.

लुंबिनीचा चहा हातातच निवला. जे काम तिचं होतं ते हा माणूस रोज शिव्या खाऊन करत होता, आणि ती त्याच्यावर लाल खुणा करत बसली होती. मेट्रोतून उतरून थांब्यापर्यंत चालायला तीन मिनिटं, हा आकडा वेळापत्रकात तिनेच भरला होता. स्वतः चालून, घड्याळ लावून.

ऑफिसात येऊन तिने तिनाचे पाच केले. संगणकाने सगळ्या फेऱ्या नव्याने मांडल्या. आता दिवसभरातली प्रत्येक बस दोन मिनिटं उशिरा सुटणार होती. अहवालात तिने लिहिलं, 'चूक ड्रायव्हरची नाही, माझ्या आकड्याची,' आणि खाली सही केली.

पंधरा दिवसांनी गुडघा शेकून घेताना आई म्हणाली, "अगं, श्याम सांगत होता, हल्ली बस वेळेवर सुटते, तरी कुणी मागे राहत नाही. वर ऑफिसात कुणाचा तरी गुडघा दुखत असणार. भलं होवो त्याचं."

लुंबिनीने शेकाची पिशवी जरा वर सरकवली.

"असेल," ती म्हणाली. "उद्या मी पण येते तुझ्यासोबत."