निळ्या पडद्याच्या मागे

भाचीनं बटण दाबलं आणि कॉम्प्युटरचा सगळा पडदा निळा झाला. मधोमध एकच चौकोन: "नंबरसाठी आपलं नाव टाका." कोपऱ्यातली फुली नाही, खालची पट्टी नाही.

"मामा, हे बंद कसं करायचं?"

"मॅन्युअलमध्ये दिलं असेल की."

"मॅन्युअल याच्याच मागे उघडं आहे."

मला हसू आलं, तिला नाही. डोळ्यांच्या दवाखान्यातला तिचा काउंटर म्हणजे तीन बाजूंनी काच आणि चौथ्या बाजूला फायलींचं कपाट. मी मदतीला आलो तो कपाटाला पाठ लावून उभाच. पेशंटना नंबर देणारा प्रोग्रॅम आज चालवून दाखवला, तर डॉक्टरीणबाई तिला वरच्या खोलीत कॉम्प्युटरच्या कामाला घेणार होत्या. नाही जमलं, तर ही काच आहेच. आणि सकाळपासून जुळवलेलं सगळं त्या निळ्या पडद्यामागे, सेव्ह न केलेलं. मशीन बंद केलं की गेलं.

खिडक्या, बटणं कशी बनवायची हे शिकायला आम्ही इंटरनेटवरून मिळतील ती मॅन्युअलं गोळा केली होती. कुठे पहिलाच धडा गायब, कुठे नमुना चालायचाच नाही. हा एक मात्र पहिल्या झटक्यात चालला. तो होता सार्वजनिक जागेतल्या मशीनसाठी. येणाऱ्याजाणाऱ्यानं बंद करू नये म्हणून बाहेरची वाट मुद्दाम लपवलेली.

"काल हा नमुना हातानंच टाइप केलास ना?" मी विचारलं. नमुना आयता कॉपी करून चिकटवायचा नाही, ओळ न् ओळ टाइप करायचा, हा माझा जुना हट्ट.

"हो, बोटं मोडेस्तोवर."

"मग पहिल्या ओळीपासून आठव."

"पाढे आहेत का हे?"

"पाढेच समज. खिडकी केली. पुढे?"

काचेवर टकटक झाली. एक आजोबा ओरडले, "उघडताय, की आम्हीच आत येऊ?"

"जागा नाही, आजोबा!" भाची म्हणाली आणि डोळे मिटून पुटपुटू लागली. "पडदाभर... फुली बंद... नावाचा चौकोन... मग त्यात टाकला की बाहेर पडता येतं तो शब्द. मॅन्युअलमधला मला आवडला नाही, मी माझा घातला."

"कोणता?"

"तेच आठवत नाहीये!"

"घाई नको. तेव्हा काय चाललं होतं?"

"जेवण गार होत होतं. आणि तुम्ही म्हणत होतात, अजून एकच ओळ..." ती थबकली. बोटं आपोआप चालली: पुरे मामा.

निळा पडदा गेला. तिनं आधी सेव्ह केलं, आणि टकटक वाढत असताना प्रोग्रॅममध्ये एक ठळक लाल बटण जोडलं: बंद.

डॉक्टरीणबाई आल्या. एक नंबर काढला, दुसरा काढला, लाल बटण दाबून पाहिलं.

"छान. आजपासून वरचं काम तुझं. आणि काउंटरवर दुसरं कुणी मिळेपर्यंत हेही तूच बघ."

"कधी मिळेल, मॅडम?"

"बघू." त्या निघून गेल्या.

भाचीनं काचेची खिडकी सरकवली. "बोला आजोबा."

"पहिल्याच दिवशी दोन कामं," मी म्हणालो. "आता यावर एक उपाय..."

"पुरे, मामा."