पडेगावच्या चिंचेवरची बिघडलेली संगत

पडेगावच्या 'हरितकुंज' सोसायटीत हिरवं म्हणावं असं एकच झाड होतं, फाटकाजवळची जुनी चिंच. दिवस कलला की तीन-चारशे पोपट तिच्यावर उतरायचे आणि अंधार पडेपर्यंत जागेवरून भांडायचे. खालच्या गाड्या पांढऱ्या व्हायच्या.

तात्यासाहेबांना गाड्यांचं काही नव्हतं. सरकारी कचेरीत तीस वर्षं नोकरी करून ते अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते आणि आता त्यांना 'साहेब' म्हणणारा एकच जण उरला होता, बाल्कनीतल्या पिंजऱ्यातला त्यांचा पोपट. "साहेब आले, उठा!" एवढं त्याला शिकवायला त्यांना दोन वर्षं लागली होती. चिंचेवरचा थवा ऐकून ऐकून तो ते विसरला. साहेब दिसले की नुसता किंचाळायचा.

"संगत बाधली," तात्यासाहेब म्हणाले.

"आवो, पाखरू हाय ते," त्यांच्या पत्नी सरूबाई म्हणाल्या. "पाखरावानीच वरडणार."

तात्यासाहेबांनी वनखात्याला तीन प्रतींत अर्ज केला. 'विषय: रानटी पोपटांचा बंदोबस्त करणेबाबत. सदर पोपटांमुळे माझ्या घरी पाच वर्षांपासून पिंजऱ्यात असलेल्या पोपटाची भाषा बिघडली आहे.' खाली सही, पत्ता, सोबत पिंजऱ्याचा फोटो.

आठवड्यात वनरक्षक अमृता दारात हजर झाली.

"हा अर्ज तुमचाच ना, काका?"

"व्हय. इतक्या लवकर दखल घेतली, कमाल आहे!"

"पोपट पाळणं गुन्हा आहे. तुम्ही तर लेखीच दिलंय, फोटोसकट."

तात्यासाहेबांनी स्वतःची सही नीट न्याहाळली. मग चिंचेकडं बोट केलं. "आणि त्या चारशेंचं काय?"

"ते कायद्यानंच राहतात."

पंचनामा झाला. छाटलेली पिसं वाढली की याला सोडून देऊ, असं सांगून अमृता पिंजरा घेऊन गेली. सोसायटीभर एकच वाक्य फिरलं, 'तात्यासाहेबांचा पोपट झाला.' त्या संध्याकाळी ते रिकाम्या खिळ्याखाली बसून राहिले, जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ते पोपटाची चौकशी करायला वनखात्याच्या कचेरीत जाऊन बसू लागले. तिथं एक दिवस गंगापूरचे कडुबा बाकावर कोरा कागद घेऊन बसले होते. रानडुकरांनी त्यांचा मका आडवा केला होता.

"भाऊ, एवढं लिहून देता का? मला सरकारी भाषा जमत नाय."

तात्यासाहेबांनी पेन काढलं. 'विषय' लिहिला, अधोरेखित केला आणि थांबले.

"घरात ससा, कासव, पोपट काही पाळलंय?"

"एक मैना हाय. लई गोड बोलती. लिहिता का तिचं बी?"

"अजिबात नाही!" तात्यासाहेब दबक्या आवाजात म्हणाले. "आधी घरी जा, पिंजरा उघडा. मग या, अर्ज तयार ठेवतो."

आता ते रोज डबा घेऊन तिथं जातात. अर्ज लिहून घ्यायला बाकावर रांग लागते. दुपारी घर कसं शांत असतं, असं सरूबाई शेजारणीला सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा बऱ्याच दिवसांनी खुललेला दिसतो.