बंधाऱ्यावरचं फाटक

“पाऊस असो, पूर असो, वाचन खंडू द्यायचं नाय गो,” शेवटच्या आजारात सुंदराबाईंनी सुनेकडून वचन घेतलं होतं. त्याला सात वर्षं झाली. तेव्हापासून पावसाळ्यातल्या वर्षावासाचे तीन महिने उज्वला रोज सायकलवरून सावित्री नदीच्या काठाकाठाने वरच्या वाडीतल्या बुद्ध विहारात जाई आणि म्हाताऱ्या माणसांना ग्रंथ वाचून दाखवी.

आज आश्विन पौर्णिमा, वर्षावासाचा शेवटचा दिवस. शेवटचं प्रकरण. पहाटे अष्टशीलाची आठ व्रतं घेऊन, पांढरी साडी नेसून ती निघाली. पहिला धबधबा मागे पडला आणि बंधाऱ्यापाशी कालपर्यंत नव्हतं ते लोखंडी फाटक आडवं आलं. वर पाटी: ‘फक्त पर्यटकांच्या सायकलींसाठी.’ शेजारी खुर्चीत खालच्या गावचा महिपती, गळ्यात नवी शिट्टी.

“काय रे महिपती, वाट कधी विकलीत?”

“विकली नाय ताई, भाड्यानं दिली. मुंबईवाले येतात गियरच्या सायकली घेऊन. तुमच्या सायकलीला तर घंटीबी नाय.”

“मडगार्ड एवढं वाजतं, घंटी हवी कशाला?”

महिपती हसला. त्याने वही पुढे सरकवली. “‘पर्यटक’ लिहा नि जावा. माझं काय जातंय?”

उज्वलाने पेन घेतलं. वाडीतली माणसं चटया टाकून बसलीही असतील. एक शब्द लिहिला की झालं. पण खोटं बोलणार नाही, असं पहाटेच तर शील घेताना म्हटलं होतं. आणि आपल्याच नदीवर पाहुणी म्हणून सही करायची?

तिने सावकाश लिहिलं: ‘उज्वला. इथलीच. विहारात वाचनाला. रोज.’

“आता कसं सोडू? साहेब वाचंल ना!”

“वाचू दे. म्हणून तर लिहिलंय.”

“माझी नोकरी जाईल, ताई.”

“तुझ्या फाटकाला मी हात लावत नाय. नदीला तर फाटक नाय ना?”

तिने साडी वर खोचली, ग्रंथाची पिशवी पदराने डोक्यावर बांधली, सायकल खांद्यावर घेतली आणि बंधाऱ्याखालच्या दगडांत उतरली. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. पाय शेवाळावरून सरकला, पुन्हा रोवला.

“घसराल हो!” महिपती खुर्चीतून उठून उभा राहिला.

“पुढच्या वर्षीबी यायचंय मला,” ती मागे न बघता म्हणाली.

फाटकाच्या पल्याड ती काठावर चढली. साडीचा काठ पिळला, पिशवी चाचपली. ग्रंथ कोरडा होता. तो कॅरिअरला नीट बांधून ती दुसऱ्या धबधब्याच्या चढाला लागली.